ब्राउझरच्या कुकीज: त्या कशा चालतात, कशा पाहाव्यात आणि सामायिक संगणकावर कोणती काळजी घ्यावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत इंटरनेटचा वापर मुख्यतः दोन प्रकारच्या यंत्रांवर होतो. एक म्हणजे स्वतःचा मोबाइल, आणि दुसरे म्हणजे तालुक्याच्या गावी असलेल्या सेवा केंद्रातला किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला संगणक, ज्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत अनेक जण बसून जातात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, पीक विम्याची नोंदणी, सातबाऱ्याचा उतारा अशी किती तरी कामे या दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर उरकली जातात. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेला मजकुराचा छोटा तुकडा. कुकीजविषयी जे लिहिले जाते त्यातील बराच भाग जाहिरातींच्या पाठलागाविषयी असतो. तो प्रश्न खराच आहे आणि त्याचा विचार पुढे केला आहे. परंतु माझ्या मते आपल्या भागात त्याहून मोठा धोका सामायिक संगणकावर मागे राहिलेल्या लॉगइनच्या कुकीचा आहे, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कुकी कोणी ठेवली, किती काळासाठी ठेवली आणि ती कोणाच्या यंत्रावर राहिली, एवढे ओळखता आले की काय ठेवावे आणि काय पुसावे हे आपले आपल्याला ठरवता येते.

कुकीची गरज का पडते

ब्राउझर आणि सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ जेथून चालते तो संगणक, ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांना एचटीटीपी म्हणतात, आणि या नियमांची मूळ रचनाच अशी आहे की प्रत्येक विनंती स्वतंत्र मानली जाते. रावेरच्या एखाद्या केळी उत्पादकाने ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या संकेतस्थळावर नळीचे बंडल निवडले आणि पुढच्या पानावर जाऊन फिल्टर पाहिला, तर सर्व्हरच्या दृष्टीने त्या दोन वेगवेगळ्या विनंत्या असतात. त्या एकाच माणसाच्या आहेत हे त्याला आपोआप कळत नाही. आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ओळखावे म्हटले तर तेही जमत नाही, कारण सेवा केंद्रातले सगळे संगणक एकाच राउटरमधून बाहेर पडतात, आणि मोबाइल कंपन्याही एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटून वापरतात.

ही अडचण १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी सोडवली. ऑनलाइन दुकानात ग्राहकाची अर्धवट खरेदी लक्षात कशी ठेवायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी काढलेला मार्ग असा होता की सर्व्हरने उत्तरासोबत मजकुराचा एक छोटा तुकडा पाठवावा, ब्राउझरने तो जपून ठेवावा आणि त्याच संकेतस्थळाकडे पुन्हा जाताना प्रत्येक वेळी तो सोबत न्यावा. हा मजकुराचा तुकडा म्हणजेच कुकी. पुढे तिचे तांत्रिक नियम लिहिले गेले, आणि सध्याच्या वापराचा आधार असलेला आरएफसी ६२६५ हा दस्तऐवज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

कापूस खरेदी केंद्रावर शेतकऱ्याला टोकन मिळते. त्या टोकनावर फक्त क्रमांक असतो. शेतकऱ्याचे नाव, क्षेत्र, बँक खाते ही सगळी माहिती केंद्राच्या नोंदीत असते, आणि टोकन दाखवल्यावर ती नोंद उघडली जाते. लॉगइनची कुकी नेमकी अशीच असते. तिच्यात बहुधा आपला पासवर्ड नसतो, नावही नसते; असतो तो फक्त एक लांबलचक, अंदाज बांधता येणार नाही असा क्रमांक. सर्व्हर त्या क्रमांकावरून स्वतःकडची नोंद शोधतो आणि ‘हा वापरकर्ता थोड्या वेळापूर्वी पासवर्ड देऊन आत आलेला आहे’ असे मानतो. टोकन ज्याच्या हातात पडेल त्याचे काम होते, ही त्या सोयीची दुसरी बाजू आहे.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. कुकी हा प्रोग्राम नाही. ती स्वतः चालत नाही, संगणकावरील फाइल वाचू शकत नाही आणि व्हायरसही नसते. तिचा आकारही मर्यादित असतो. एका कुकीसाठी साधारण ४०९६ बाइट एवढी जागा ब्राउझर देतात.

पहिली पायरी: एक कुकी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे

वाचून जे समजते त्यापेक्षा एकदा पाहून अधिक समजते, म्हणून ही पायरी टाळू नये. त्यासाठी संगणक हवा. मोबाइलवर हे सहज दिसत नाही. आपले खाते असलेले एखादे संकेतस्थळ क्रोम किंवा एजमध्ये उघडून लॉगइन करावे, मग एफ१२ हे बटण दाबावे. उघडणाऱ्या खिडकीत वरच्या बाजूला ‘ॲप्लिकेशन’ हा विभाग निवडावा आणि डावीकडील यादीत ‘कुकीज’ उघडून संकेतस्थळाच्या नावावर क्लिक करावे. फायरफॉक्समध्ये याच विभागाला ‘स्टोरेज’ असे नाव आहे. समोर एक तक्ता येईल, आणि त्यातील प्रत्येक ओळ ही एक कुकी असेल.

सर्व्हरने ही कुकी पाठवली तेव्हा उत्तराच्या शीर्षभागात साधारण अशी एक ओळ होती. मूळ ओळ रोमन लिपीत असते. येथे ती वाचण्यासाठी देवनागरीत मांडली आहे.

सेट-कुकी: सत्र=क७फ२प९मट४; पाथ=/; मॅक्स-एज=३६००; सिक्युअर; एचटीटीपीओन्ली; सेमसाइट=लॅक्स

यातील ‘सत्र’ हे कुकीचे नाव आणि त्यापुढचा क्रमांक हे तिचे मूल्य. ‘मॅक्स-एज’ म्हणजे आयुष्य, सेकंदांत. ३६०० म्हणजे एक तास. हा आकडा किंवा समाप्तीची तारीख दिलेली नसेल तर ती सत्रापुरती कुकी ठरते आणि ब्राउझर पूर्ण बंद केल्यावर जावी अशी अपेक्षा असते. तक्त्यात अशा कुकीसमोर तारखेऐवजी ‘सेशन’ असे लिहिलेले दिसते. मुदत दिलेल्या कुकीज मात्र संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी टिकतात. क्रोमने २०२२ पासून या मुदतीवर जास्तीत जास्त ४०० दिवसांची मर्यादा घातली आहे, त्यामुळे पूर्वी दिसणाऱ्या दहा-वीस वर्षांच्या कुकीज तेथे आता दिसत नाहीत.

‘सिक्युअर’ म्हणजे ही कुकी फक्त एचटीटीपीएस, म्हणजे मधल्या कोणाला वाचता न येणाऱ्या, जोडणीवरूनच जाईल. ‘एचटीटीपीओन्ली’ म्हणजे पानावर चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतील कोडला ती वाचता येणार नाही. कोणी त्या पानात खोडसाळ कोड घुसवला तरी लॉगइनचा क्रमांक त्याला थेट वाचता येऊ नये, यासाठी हे कुंपण आहे. ‘सेमसाइट’ ही खूण दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीसोबत कुकी द्यायची की नाही हे ठरवते. काहीच लिहिलेले नसेल तर ‘लॅक्स’ (दुवा दाबून त्या संकेतस्थळावर गेल्यास कुकी द्यायची, एरवी सहसा नाही) धरायचे, हा नियम क्रोमने २०२० मध्ये लागू केला.

तक्त्यातील ‘डोमेन’ हा रकाना विशेष लक्षपूर्वक पाहावा, कारण कुकी कोणाची आहे याचे उत्तर तेथेच असते. पत्त्याच्या पट्टीत दिसणारे नाव आणि डोमेनमधील नाव एकच असेल तर ती त्या संकेतस्थळाची स्वतःची कुकी. नाव वेगळे असेल, म्हणजे एखाद्या जाहिरात कंपनीचे किंवा समाजमाध्यमाचे असेल, तर ती त्रयस्थाची कुकी, जिला सेटिंगमध्ये ‘थर्ड-पार्टी कुकी’ म्हटलेले असते.

ही तपासणी स्वतःच्या खात्यावर आणि स्वतःच्या यंत्रावरच करावी. पाहिलेले मूल्य कोणालाही पाठवू नये, त्याचे छायाचित्रही देऊ नये. याच खिडकीत ‘कन्सोल’ नावाचा विभाग असतो. ‘येथे हा कोड चिकटवा म्हणजे बक्षीस मिळेल’ असे कोणी फोनवर सांगत असेल तर तो लॉगइन पळवण्याचा प्रयत्न आहे असेच समजावे.

जाहिरात मागे लागते ती कशी

वरचाच केळी उत्पादक ठिबकच्या नळ्या पाहून परत आला आणि संध्याकाळी बातम्यांच्या संकेतस्थळावर गेला, तर तेथे त्याला पुन्हा नळ्यांचीच जाहिरात दिसते. दुकानाने आणि बातम्यांच्या संकेतस्थळाने एकमेकांशी संगनमत केलेले नसते. दोन्ही पानांमध्ये एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा बसवलेला असतो, आणि पान उघडताना ब्राउझर त्या कंपनीच्या सर्व्हरकडेही विनंती पाठवतो. पहिल्या वेळी त्या सर्व्हरने स्वतःची कुकी ठेवलेली असते. दुसऱ्या पानावरून विनंती जाते तेव्हा तीच कुकी सोबत जाते, आणि हे पान कोणते आहे तेही त्या कंपनीला कळते. अशी हजारो पाने एका क्रमांकाखाली जमा झाली की माणसाचे नाव ठाऊक नसतानाही त्याची शेती, आजार, कर्जाची गरज, घरातील लग्नाची तयारी यांचा अंदाज बांधता येतो. विशेषतः आजार आणि कर्ज यांविषयीचे अंदाज परक्याच्या वहीत जाणे मला गंभीर वाटते, मग त्या वहीत नाव असो वा नसो.

ब्राउझर कंपन्यांनी यावर वेगवेगळी भूमिका घेतली आहे. ॲपलच्या सफारीने २०२० पासून त्रयस्थांच्या कुकीज पूर्णपणे रोखल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकीजचा वेगळा कप्पा ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी सुरू केली, त्यामुळे एका पानावर ठेवलेली त्रयस्थाची कुकी दुसऱ्या पानावर सापडत नाही. गुगलने क्रोममधून त्या हळूहळू काढून टाकण्याचे २०२० मध्ये जाहीर केले होते, परंतु २०२४ मध्ये तो बेत सोडला. म्हणून क्रोम वापरणाऱ्याने पुढील बदल स्वतःच्या हातानेच करावा.

दुसरी पायरी: सेटिंग बदलणे

अँड्रॉइड मोबाइलवरील क्रोममध्ये उजवीकडील तीन टिंबांवर बोट ठेवून ‘सेटिंग्ज’, मग ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यातील ‘थर्ड-पार्टी कुकीज’ येथे जावे, आणि त्या रोखण्याचा पर्याय निवडावा. संगणकावर हाच पर्याय ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात मिळतो. आवृत्तीनुसार शब्द थोडेफार बदलतात. फायरफॉक्समध्ये ‘एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन’ आधीच सुरू असते. अधिक कडक बंदोबस्त हवा असल्यास ‘स्ट्रिक्ट’ निवडावे. आयफोनवर सफारीच्या सेटिंगमधील ‘प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग’ सुरू आहे ना, एवढे पाहिले म्हणजे पुरते.

यानंतर क्वचित एखादे पान नीट चालणार नाही. एका संकेतस्थळावरून दुसऱ्याच्या खात्याने आत जाण्याची सोय किंवा पैसे भरण्याची चौकट कधी कधी अडते. तेवढ्या एका संकेतस्थळाला सूट देता येते. त्यासाठी सगळी बंदी उठवण्याचे कारण नाही.

‘सगळ्याच कुकीज बंद करा’ असा सल्ला काही जण देतात. तो व्यवहार्य नाही. तसे केल्यास कोणत्याही खात्यात लॉगइन टिकणार नाही, अर्जाची पुढची पायरी उघडणार नाही आणि निवडलेली भाषाही दर पानाला बदलून द्यावी लागेल.

परवानगी मागणारी पट्टी

अनेक संकेतस्थळांवर खालच्या बाजूला ‘आम्ही कुकीज वापरतो’ अशी पट्टी येते. ती पसरली मुख्यतः युरोपीय संघाच्या नियमांमुळे. तेथे अत्यावश्यक नसलेल्या कुकीजसाठी आधी संमती घ्यावी लागते, आणि २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या कायद्याने संमतीचा अर्थ अधिक कडक केला. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्यात कुकीचा वेगळा उल्लेख करून नियम घातलेले नाहीत, परंतु वैयक्तिक माहितीसाठी संमती मुक्त, विशिष्ट आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे तो सांगतो. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत पाहण्याचा पर्यायही दिला पाहिजे, आणि त्या अनुसूचीत मराठी आहे. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरवली आहे.

अशी पट्टी आल्यावर ‘रिजेक्ट ऑल’ किंवा ‘फक्त आवश्यक’ हा पर्याय निवडावा. तो समोर नसेल तर ‘मॅनेज’ किंवा ‘प्रेफरन्सेस’च्या आत असतो. नकार दिल्याने लॉगइन किंवा खरेदी अडत नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या कुकीज आवश्यक या गटातच मोडतात.

तिसरी पायरी: सामायिक संगणकावर काम करताना

सेवा केंद्रात बसण्यापूर्वी किंवा चालकाला काम सांगण्यापूर्वीच म्हणावे, ‘दादा, इन्कॉग्निटो उघडून द्या.’ क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणे एकत्र दाबली की ही वेगळी खिडकी उघडते. फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी दाबावे. या खिडकीतल्या कुकीज तिच्यापुरत्याच असतात आणि अशा सगळ्या खिडक्या बंद झाल्या की पुसल्या जातात. सगळ्या, हा शब्द महत्त्वाचा आहे: मागे लपलेली एक जरी इन्कॉग्निटो खिडकी उघडी राहिली तरी त्या कुकीज जिवंत राहतात. शिवाय या खिडकीमुळे डाउनलोड केलेली फाइल पुसली जात नाही. आधार कार्डाची किंवा गुणपत्रिकेची प्रत ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये तशीच राहते. ती स्वतः शोधून पुसावी आणि ‘रिसायकल बिन’ही रिकामा करावा. संगणकावर कळफलकाची नोंद ठेवणारा छुपा प्रोग्राम असेल तर त्यापासूनही ही खिडकी वाचवत नाही, म्हणून बँकेचे काम अशा ठिकाणी करूच नये.

काम संपल्यावर खिडकी बंद करण्याआधी ‘लॉगआउट’ करावे. या दोन गोष्टींत फरक आहे. खिडकी बंद केल्याने या संगणकावरची कुकी जाते, तर लॉगआउट केल्याने चांगल्या संकेतस्थळावर सर्व्हरकडील नोंदही रद्द होते आणि तो क्रमांक कोणाकडे असला तरी निरुपयोगी ठरतो. लॉगआउटनंतर तोच पत्ता पुन्हा उघडून पाहावा. पासवर्ड विचारला गेला तर काम नीट झाले.

आता खास आपल्या भागात वारंवार घडणारा एक प्रसंग पाहू. मे महिन्याची दुपार आहे, अर्ज अर्धा भरला आहे आणि वीज जाते. केंद्रातला यूपीएस जुना असल्याने संगणकही लगेच बंद पडतो. अर्जदार वाट पाहून निघून जातो, कारण संगणक बंद झाला म्हणजे आपले खातेही बंद झाले, असे त्याला साहजिकच वाटते. वीज येते, पुढचा माणूस त्याच खुर्चीत बसतो, ब्राउझर उघडताच ‘रिस्टोअर पेजेस’ अशी सूचना येते आणि तो तिच्यावर क्लिक करतो. साध्या खिडकीत काम सुरू असेल तर अशा वेळी पानांबरोबर सत्रापुरत्या कुकीजही परत येऊ शकतात, आणि सर्व्हरने तोवर सत्राची मुदत संपवलेली नसेल तर आधीच्या माणसाचे खाते उघडेच सापडते. ब्राउझरमध्ये ‘जेथे सोडले तेथून पुढे’ ही सेटिंग सुरू असेल तर वीज न जाताही हे घडू शकते. इन्कॉग्निटो खिडकी या पद्धतीने परत येत नाही, आणि सुरुवातीलाच ती मागण्याचे हे आणखी एक कारण आहे.

वीज गेली आणि निघावेच लागले, तर मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन बाकी सर्व ठिकाणचे लॉगइन रद्द करावे. गुगल खात्यात ‘सिक्युरिटी’ विभागातील ‘युवर डिव्हाइसेस’ येथे परक्या संगणकाचे नाव दिसते आणि तेथूनच ‘साइन आउट’ करता येते. व्हॉट्सॲप वेब आपली जोडणी ब्राउझरच्या दुसऱ्या एका साठ्यात ठेवते, पण धोका तोच असतो; प्रिंट काढण्यासाठी केंद्रात व्हॉट्सॲप उघडले असेल तर मोबाइलमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते काढून टाकावे. ज्या संकेतस्थळावर अशी यादीच नसेल तेथे पासवर्ड बदलावा. बहुतेक ठिकाणी त्यामुळे जुनी सत्रे रद्द होतात.

केंद्रचालकांनाही एक सांगणे आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये सर्व खिडक्या बंद करताना संकेतस्थळांचा साठा पुसण्याचा पर्याय आहे, आणि फायरफॉक्समध्येही तसाच आहे. ग्राहकांच्या संगणकावर तो सुरू ठेवावा, आणि पासवर्ड जतन करण्याची विचारणाही बंद करावी.

चौथी पायरी: स्वतःच्या यंत्रावरची साफसफाई

स्वतःच्या मोबाइलवर दर आठवड्याला सगळ्या कुकीज पुसण्याची गरज नाही. एखादे संकेतस्थळ अडकले, तेच पान पुन्हा पुन्हा येऊ लागले किंवा लॉगइन होऊनही बाहेर फेकले जाऊ लागले, तर फक्त त्या संकेतस्थळाच्या कुकीज पुसाव्यात. पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर क्लिक केल्यास ‘कुकीज अँड साइट डेटा’ हा पर्याय मिळतो. सर्व काही पुसायचे असेल तर ‘क्लिअर ब्राउझिंग डेटा’ किंवा नव्या आवृत्तीत ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’ वापरावे, परंतु तेथील चौकोन एकेक करून वाचावेत. ‘पासवर्ड्स’ हा वेगळा चौकोन आहे आणि तो चुकून निवडला गेला तर जतन केलेले पासवर्डही जातात. कुकी पुसली म्हणून संकेतस्थळाने स्वतःच्या सर्व्हरवर साठवलेली माहिती पुसली जात नाही. ती काढायची असेल तर खात्यात जाऊन तसे सांगावे लागते.

कुकी चोरीला गेली तर

ओटीपी दुसऱ्याला न देण्याचे आता बहुतेकांना ठाऊक आहे. कुकीची चोरी मात्र ओटीपीला बगल देते, कारण ओटीपी लॉगइन होताना विचारला जातो आणि कुकी ही लॉगइन होऊन गेल्याची खूण असते. चोराने ती स्वतःच्या ब्राउझरमध्ये बसवली तर पुष्कळदा त्याला पासवर्डही विचारला जात नाही. अशा कुकीज पळवणारे प्रोग्राम बहुधा फुकट मिळणाऱ्या चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत, खेळांच्या ‘क्रॅक’सोबत किंवा अनोळखी ब्राउझर एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरला जोडता येणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) रूपाने येतात. म्हणून ब्राउझरमधील एक्स्टेन्शनची यादी अधूनमधून पाहावी आणि ओळखीचे नसेल ते काढावे.

शंका आल्यास क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम वेगळ्या, स्वच्छ यंत्रावरून सर्व ठिकाणचे लॉगइन रद्द करावे, मग पासवर्ड बदलावा, त्यानंतर बाधित संगणकाची तपासणी करावी. त्याच बाधित संगणकावर बसून पासवर्ड बदलल्यास नवी कुकीही चोराच्याच हाती जाते. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

संकेतस्थळ बनवणाऱ्यांसाठी

अमळनेर, शिरपूर, शहादा येथील तरुण आता स्थानिक दुकानांसाठी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी संकेतस्थळे बनवून देतात. त्यांनी लॉगइनच्या कुकीत ‘सिक्युअर’, ‘एचटीटीपीओन्ली’ आणि ‘सेमसाइट’ या तिन्ही खुणा लावाव्यात. ग्राहकाचा मोबाइल क्रमांक किंवा खातेक्रमांक कुकीत कधीही लिहू नये, आणि क्रमांक अनुक्रमाने न देता यादृच्छिक द्यावा, नाही तर एक आकडा बदलून दुसऱ्याच्या खात्यात शिरता येते. काम सुपूर्द करण्यापूर्वी एक चाचणी करावी: चाचणीसाठी काढलेल्या खात्यात लॉगइन करून कुकीचे मूल्य टिपून ठेवावे, लॉगआउट करावे, आणि ‘ॲप्लिकेशन’ विभागात तेच मूल्य पुन्हा भरून पान ताजे करावे. खाते उघडले तर लॉगआउटचे बटण फक्त ब्राउझरमधील कुकी पुसत आहे आणि सर्व्हरवरील नोंद तशीच शिल्लक आहे. ती नोंद रद्द करणारी दुरुस्ती झाल्याशिवाय संकेतस्थळ ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये.